आनंदा पेंटर, परळ

अनुजा पहिल्यांदा भोईवाड्यात आली तेव्हा तिला आनंदा पेंटर हवे होते. रमाबाईंनी दार उघडलं, तर ती त्यांच्या खांद्यावरून आत डोकावत म्हणाली, "सर आहेत का?"

रमाबाई अडुसष्ट वर्षांच्या. त्यांच्या घरात आजवर कुणी सर राहिलेले नव्हते. त्यांनी जरा विचार केला आणि आत वळून नवऱ्याला सांगितलं, "अहो, शर्ट घाला. तुम्हाला सर म्हणणारं कुणीतरी आलंय."

आनंदा गमरे खिडकीपाशी बसून पायाची नखं कापत होते. त्यांनी शर्ट घातला, घाईत वरचं बटण खालच्या काजात गेलं, आणि तसेच ते खुर्चीवर येऊन बसले.

अनुजा फोर्टातल्या एका कलादालनात क्युरेटर होती. क्युरेटर म्हणजे काय ते दर्शनाने नंतर समजावलं. दर्शना ही त्यांची नात, त्यांचा मुलगा धनेश याची मुलगी. घर बदलापूरला आणि कॉलेज माटुंग्याला, म्हणून आजीआजोबांकडे राहायची. "प्रदर्शनात कुठलं चित्र कुठे लावायचं आणि त्याच्याखाली काय लिहायचं, ते ठरवते ती," दर्शना म्हणाली. लावायचं आणि लिहायचं ही दोन्ही कामं आनंदांनी तीस वर्षं केली होती. त्याला असं काही नाव असतं हे त्यांना माहीत नव्हतं.

तर झालं होतं असं. कलादालनात स्त्रीवादी कलेच्या पन्नास वर्षांचं प्रदर्शन भरणार होतं. दादरच्या मीनाक्षीताई, ज्यांनी एकेकाळी बायकांची संघटना चालवली होती, त्या गेल्या वर्षी वारल्या आणि त्यांच्या भाच्याने त्यांची एक पत्र्याची ट्रंक कलादालनाला देऊन टाकली. ट्रंकेत पत्रकं होती, मोर्च्यांचे फोटो होते, आणि तळाशी घडी घातलेला मांजरपाटाचा बॅनर होता. त्यावर ऑइल पेंटने एकच गोष्ट काढलेली होती : माणसाएवढा मोठा पितळी स्टोव्ह, पंपाचा. खाली एक ओळ : 'स्टोव्ह सुनेच्याच वेळी का फुटतो?' आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात, 'आनंदा पेंटर, परळ.'

"तीन महिने शोधतेय मी तुम्हाला, सर," अनुजा म्हणाली आणि तिने फोनवर फोटो दाखवला.

आनंदांनी तो बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "हो. आपल्याच इथून गेलेलं काम आहे."

हे वाक्य शब्दशः खरं होतं. रमाबाईंनी चहात साखर टाकली.

अनुजाने उत्साहाने सांगितलं की प्रदर्शनात एक दालन 'सहप्रवासी पुरुष' असं आहे. स्त्रियांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या पुरुष कलाकारांचं. त्यात आत्तापर्यंत एकच नाव होतं आणि ते गृहस्थ पुढे वेगळेच निघाले. "म्हणजे?" आनंदांनी विचारलं. "ते जाऊ दे, सर," अनुजा म्हणाली. "म्हणूनच तुम्ही फार महत्त्वाचे आहात."

आनंदांना महत्त्वाचं कुणी म्हटल्याला खूप दिवस झाले होते. एकेकाळी परळ-लालबागच्या निम्म्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. गिरणीच्या गेटावरची अक्षरं, मंडळांची स्वागताची कमान, डॉक्टरांचे बोर्ड, निवडणुकीच्या भिंती. मग फ्लेक्स आला. दोन वर्षांत ब्रश वाळून गेले. ज्या गिरणीचं नाव त्यांनी तीनदा रंगवलं होतं, तिच्या जागी टॉवर झाला आणि त्या टॉवरच्या गेटावर त्यांनी अकरा वर्षं वॉचमनची ड्युटी केली. मुंबईत आता त्यांच्या हातचं एकही अक्षर शिल्लक नव्हतं. ते स्वतः फिरून बघून आले होते.

त्यामुळे पुढचे पंधरा दिवस ते वेगळ्याच हवेत होते. त्यांनी केस रंगवले. मजल्यावरच्या सगळ्यांना फोटो दाखवला. खालच्या मजल्यावरचे चिंतामणी म्हणाले, "आनंदा, तू स्त्रीवादी होतास हे आम्हाला कधी कळलं नाही रे." आनंदा म्हणाले, "तेव्हा बोलायची पद्धत नव्हती."

रमाबाईंनी हे सगळं ऐकलं आणि भांडी घासली. राग आला नव्हता असं नाही. पण केस रंगवून आरशात बघणारा हा माणूस त्यांनी वीस वर्षांत पाहिला नव्हता. तो परत वॉचमन व्हावा असं त्यांना वाटेना. बॅनर काय, ट्रंकेत होता. आणखी चाळीस वर्षं तिथेच राहिला असता.

अनुजा मधूनमधून यायची आणि आनंदा झोपलेले असले की स्वयंपाकघराच्या दारात टेकून रमाबाईंशी बोलायची. तिला बोलायला आवडायचं. तिने सांगितलं की पन्नास-साठ वर्षांपूर्वी तिकडे अमेरिकेत, युरोपात बायकांनी विचारायला सुरुवात केली, की मोठमोठ्या संग्रहालयांत भिंतींवर इतक्या बाया आहेत, बऱ्याचशा उघड्याच, पण चित्र काढणारी एकही कशी नाही? मग त्यांनी शोधलं तेव्हा सापडलं, की बाया काढत होत्याच. कुणी भावाच्या नावाने, कुणी बापाच्या. आणि बाकीच्या ज्या गोधड्या शिवत होत्या, भरतकाम करत होत्या, भिंती सारवून त्यावर नक्षी काढत होत्या, त्याला कुणी कला म्हणतच नव्हतं. हस्तकला म्हणायचे.

"फरक काय दोन्हीत?" रमाबाईंनी विचारलं.

अनुजाने थोडा विचार केला. "हस्तकलेवर सही नसते, काकू."

"आणि इकडे?"

"इकडे सुरुवात गॅलरीत नाही झाली. रस्त्यावर झाली. मोर्च्यांची पोस्टरं, बॅनर, पथनाट्यं. म्हणून तर सरांचं काम इतकं मोलाचं आहे."

"हं," रमाबाई म्हणाल्या, आणि पोळी उलटली.

मग एका शनिवारी सकाळी अनुजा कॅमेरा घेऊन आली. बॅनरचा मोठा फोटो छापून आणला होता, तो तिने भिंतीला टेकवून ठेवला. आनंदा इस्त्रीचा शर्ट घालून त्याच्या बाजूला बसले. दर्शनाला दिवा धरायला दिला. रमाबाई आतल्या दारापाशी लसूण सोलत बसल्या होत्या.

पहिली दहा मिनिटं झकास गेली. आनंदांनी मांजरपाटाला सरस कसा लावायचा ते सांगितलं, रंगात टर्पेंटाइन किती घालायचं ते सांगितलं. त्यातलं सगळं त्यांना येत होतं. मग अनुजाने फोटोवर बोट ठेवलं.

"सर, मला एक विचारायचंय. सगळा स्टोव्ह इतका हुबेहूब आहे, पण इथे टाकीवर हा जो छोटा स्क्रू आहे, तो वाकडा, अर्धा बाहेर आल्यासारखा काढलाय. त्यावर हायलाइटपण दिलाय. हे मुद्दाम आहे का? काय आहे हे?"

आनंदांनी चष्मा वर केला. खाली केला. "ते डिझाइन आहे," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे… ते डोळ्याला बरं दिसतं."

लसणाची पाकळी ताटलीत पडल्याचा आवाज आला.

"हवेची चावी आहे ती," रमाबाई म्हणाल्या. "सोडलेली आहे."

अनुजाने मान वळवली. "काय काकू?"

"पंप मारून टाकीत हवा भरायची, तेव्हा स्टोव्ह पेटतो. विझवायचा झाला की ती चावी सैल करायची, हवा सगळी निघून जाते. ही चावी सैल आहे. म्हणजे स्टोव्ह बंद आहे. आणि टाकी बघ. कुठे चिरलीय? कुठे फुगलीय? हा फुटलेला स्टोव्ह नाही. हा बंद स्टोव्ह आहे."

दर्शनाच्या हातातला दिवा हलला आणि आनंदांची सावली भिंतीवर सरकली.

"पण हे मी कुठेच वाचलं नाही," अनुजा म्हणाली.

"तू गॅसवर चहा करतेस. मोर्च्यातल्या बायकांना वाचायला लागलं नसणार."

"आजी," दर्शना म्हणाली, "तुला कसं माहीत?"

रमाबाईंनी ताटली बाजूला ठेवली. नवऱ्याकडे पाहिलं. आनंदा जमिनीकडे बघत होते. त्या थांबल्या असत्या तर अजूनही वेळ गेली नव्हती. पण नातीने विचारलं होतं.

"कारण मी काढलाय," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. काही आवाज चढवला नाही, रडल्या नाहीत. रेशनच्या रांगेतलं काही सांगावं तसं सांगितलं.

समोरच्या चाळीत कौसल्या म्हणून एक सून होती. कणकवलीकडची, बावीस वर्षांची. नळावर दोघींची ओळख झालेली. कौसल्याच्या स्टोव्हची पिन सारखी मोडायची, मग ती रमाबाईंची पिन मागायला यायची. पिन परत द्यायला आली की अर्धा तास बसायची, कारण घरी जायचं नसायचं. एक्याऐंशी साली, एका दुपारी, त्या चाळीतून धूर आला. तिसऱ्या दिवशी कौसल्या हॉस्पिटलात वारली. पोलीस आले. पंचनामा करायला दोन पंच हवे होते, आणि आनंदा खाली मंडळाचा फळा रंगवत होते, म्हणून त्यांना हाक मारली.

"आम्ही बायका दारात उभ्या होतो," रमाबाई म्हणाल्या. "आतलं सगळं दिसत होतं. भिंत काळी. भांडी काळी. आणि ओट्यावर स्टोव्ह. टाकीला चरा नाही. चावी सैल. हवालदाराने लिहिलं, स्टोव्हचा भडका उडून. दोन सह्या झाल्या. एक ह्यांची."

अनुजाने कॅमेऱ्याकडे पाहिलं. त्यावरचा लाल ठिपका चालू होता. तिने तो बंद केला नाही.

"मी घरी आल्यावर ह्यांना सांगितलं, तो स्टोव्ह फुटलेला नाही. हे म्हणाले, पोलिसांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. आणि खोटं कशाला बोलू, भीती मलापण होती. ती चाळ त्यांची, आपण जयभीमवाले. आपण तोंड उघडलं असतं तर प्रकरण स्टोव्हचं राहिलं नसतं. म्हणून मीपण गप्प बसले."

दोन महिन्यांनी मीनाक्षीताई बॅनर सांगायला आल्या. बायकांचा मोर्चा होता, असे स्टोव्ह तेव्हा गावोगाव फुटत होते आणि पेपरात रोज तीच ओळ यायची. आनंदा बापाच्या आजारपणासाठी गुहागरला गेले होते. रमाबाई एरवी त्यांच्या पाट्यांची अक्षरं भरायच्या. ते बाहेरची रेघ मारायचे आणि ह्या आत रंग. तर त्या म्हणाल्या, मी करते. मीनाक्षीताईंना त्यावर काढायची होती वळलेली मूठ. रमाबाई म्हणाल्या, मूठ नाही येत मला, स्टोव्ह येतो. चार दुपारी चाळीच्या गॅलरीत कापड अंथरून त्यांनी स्टोव्ह काढला. बघून काढायची गरज पडली नाही.

"पण सही?" अनुजाने विचारलं. "सही आनंदा पेंटर अशी का केलीत? दुकानाचं नाव म्हणून?"

"दुकान कुठलं? जिन्याखाली रंगाचे डबे होते." रमाबाईंनी पदराने हात पुसले. "ह्यांची एक सही त्या कागदावर होती. म्हटलं, एक इकडे पण असू दे."

आनंदा इतका वेळ हलले नव्हते. दर्शना त्यांच्याकडे बघत होती. ते उठून आत निघून जातील असं तिला वाटलं. रमाबाईंनाही तसंच वाटलं. चव्वेचाळीस वर्षं ह्या विषयावर ते असंच उठून जात आले होते. पण त्यांचे गुडघे धरले होते, किंवा काय माहीत. ते बसून राहिले.

"मी पाहिला होता," ते म्हणाले.

"काय, आजोबा?"

"बॅनर. गुहागरहून आलो त्याच दिवशी. नायगावच्या नाक्यावर मोर्चा आडवा आला. माझं नाव वाचलं. चावी वाचली." त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "घरी आलो तर ही म्हणाली, जेवायला वाढू का. मी म्हटलं, वाढ."

"आणि तिकडे, त्या खोलीत?" रमाबाईंनी विचारलं. हे त्यांनी आजवर कधीच विचारलं नव्हतं. विचारताना त्यांच्या लक्षात आलं की उत्तर 'मला दिसलं नाही' असं यावं, अशी त्यांची फार इच्छा आहे.

"तिकडे पण पाहिला होता. मी पंच होतो. बघायलाच बोलावलं होतं मला." मग ते म्हणाले, "टाकी शाबूत होती."

रमाबाईंनी मान हलवली. आपला नवरा आंधळा नव्हता, भित्रा होता. हे कळायला इतकी वर्षं लागली, आणि कळल्यावर नेमकं काय वाटायला हवं ते त्यांना समजेना. त्यांनी लसणाची ताटली उचलली. बऱ्याच पाकळ्या सोलायच्या राहिल्या होत्या.

"हे सगळं रेकॉर्ड झालंय," अनुजा हळूच म्हणाली. "पुसून टाकू का, सर?"

"ठेवा," आनंदा म्हणाले. "आणि सर म्हणू नका."

त्या संध्याकाळी आनंदांनी स्वतः चहा केला. वाईट झाला होता. रमाबाईंनी तो प्यायला, पण चांगला झालाय असं म्हटलं नाही.

कलादालनात मात्र पंचाईत झाली. कॅटलॉग छापून झाला होता आणि त्यात आनंदांवर दोन पानं होती. कलादालनाचे संचालक शंतनु म्हणून होते, फार सभ्य गृहस्थ. त्यांनी फोनवरून सुचवलं की पाटीवर 'आनंदा व रमाबाई गमरे' असं लिहू. रमाबाईंनी विचारलं, ह्यांनी काय केलं? शंतनु म्हणाले, कापड तरी आणलं असेल ना. रमाबाई म्हणाल्या, कापड मीनाक्षीताईंनी आणलं होतं, त्यांचं नाव घाला. मग त्यांनी 'रमाबाई गमरे, आनंदा पेंटर यांच्या स्टुडिओत' असं सुचवलं. स्टुडिओ जिन्याखाली होता आणि तिथे बॅनर मावला नसता, हे दर्शनाने त्यांना समजावून सांगितलं.

त्यानंतर पाटीचा मजकूर आला. त्यात लिहिलं होतं, 'स्टोव्ह हे गृहिणीच्या दडपलेल्या क्रोधाचं प्रतीक आहे.' दर्शनाने तो मोठ्याने वाचला.

"खोडायला सांग," रमाबाई म्हणाल्या.

"आजी, तसं लिहायची पद्धत असते."

"असू दे. हा कुणाचा क्रोध नाही. हा कौसल्याचा स्टोव्ह आहे. मी प्रतीक काढलंच नाही, मला येत नाही ते."

अनुजाने भांडून भांडून शेवटी तीन ओळी मंजूर करून घेतल्या. रमाबाई गमरे. मांजरपाटावर ऑइल पेंट, १९८१. परळच्या कौसल्याचा हा स्टोव्ह फुटला नव्हता. कौसल्याचं आडनाव वकिलांनी काढायला लावलं. 'सहप्रवासी पुरुष' हे दालन रिकामं झालं, तेव्हा तिथल्या भिंतीवर काय लावायचं हा प्रश्न आला. तिथे आग विझवायचं लाल नळकांडं आधीपासून होतं, तेच राहिलं.

उद्घाटनाला रमाबाई निळी साडी नेसून गेल्या. भाषणं इंग्रजीत झाली, मध्येमध्ये त्यांचं नाव येत होतं तेव्हा दर्शना त्यांचा हात दाबायची. पत्रकारांनी विचारलं, इतकी प्रतिभा असून तुम्ही पुढे काहीच का काढलं नाही? रमाबाई म्हणाल्या, "काढलं की. परळमधल्या पाट्यांची अक्षरं भरली वीस वर्षं." एकाने विचारलं, तुम्ही स्वतःला स्त्रीवादी कलाकार मानता का? त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. म्हणाल्या, "तेव्हा होते. चार दुपारी."

लोक पांगल्यावर त्या बॅनरसमोर एकट्याच उभ्या राहिल्या. दिव्याखाली पितळेचा रंग अजून चांगला दिसत होता. पंपाचा दांडा थोडा जाड झालाय, हे त्यांना आत्ता दिसलं. कौसल्या आज सहासष्ट वर्षांची असती. अर्ध्या तासासाठी येऊन बसली असती, आणि घरी जायची वेळ झाली तरी उठली नसती. रमाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं, कुणी बघत नव्हतं, मग त्यांनी डोळे पुसले.

आनंदा उद्घाटनाला आले नाहीत. पाय दुखतोय म्हणाले. पण पुढच्या गुरुवारी सकाळी केस विंचरून कुठेतरी निघाले. कुठे ते सांगितलं नाही आणि रमाबाईंनी विचारलं नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारीही गेले. केसांचा काळा रंग तोवर मुळांशी उतरला होता आणि त्यांनी तो पुन्हा लावला नव्हता.

तिसऱ्या गुरुवारी दुपारी अनुजाचा फोन आला. आवाज दबका होता.

"काकू, काका आजपण आलेत. बॅनरच्या बाजूला उभे राहतात. कुणीही बघायला आलं की त्यांना सांगतात, मी पंच होतो, मी बघितलं होतं आणि तरी खोटी सही केली. कॉलेजच्या मुली येतात त्यांनापण सांगतात. गेल्या गुरुवारी एका बाईंनी त्यांना खूप सुनावलं, तर ते म्हणाले, बरोबर आहे तुमचं. शंतनु सर घाबरलेत. मी काय करू?"

रमाबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. गॅसवर वरण उकळत होतं, तो बारीक केला.

"सांगू दे त्यांना," त्या म्हणाल्या. "फक्त एक खुर्ची दे. फार वेळ उभं राहवत नाही त्यांना."